आत्ताच पिऊन आले

"अभी पीकर आई हूँ," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं की हे वाक्य माझं नाही. पार्वतीच्या हातात स्टीलचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला, फ्रिजमधल्या बाटलीतून ओतलेला, आणि बाहेर मे महिन्याची दुपार अशी की माझी जीभ टाळूला चिकटलेली. कुणाही शहाण्या माणसाने तो ग्लास झडप घालून घेतला असता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. पुढे आलेला ग्लास क्षणभर तसाच राहिला. पार्वतीने माझ्याकडे पाहिलं, मग मी जरा वेळापूर्वी जिकडे पाहिलं होतं त्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबासाहेबांची तसबीर होती, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेली. आमच्या मयूर विहारच्या घरात हॉलमध्ये हीच तसबीर आहे, फ्रेम तेवढी वेगळी. ती बघून मला बरं वाटलं होतं, परक्या ठिकाणी कुणी ओळखीचं भेटावं तसं, आणि मी तसं म्हणणारही होते, पण तेवढ्यात ग्लास समोर आला आणि तोंडातून दुसरंच निघालं. ग्लास घेऊन पार्वती आत गेली. ते पाणी तिने बाटलीत परत ओतलं नाही, मोरीत ओतलं. तो आवाज मी ऐकला. मग ती बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि मला अजून काही विचारायचं आहे का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणाले आणि निघाले.

मी पाणी का घेतलं नाही, ते सांगायला माझं काम सांगावं लागेल. पार्वतीच्या गल्लीच्या मागे एक उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे बंद पडलेला कारखाना. फरीदाबादच्या बाजूला असे कारखाने पुष्कळ. इथे मोटारीचे सुटे भाग बनत, त्यांचा ओशटपणा काढायला ट्रायक्लोरोइथिलीन नावाच्या द्रवाच्या टाक्या असत, आणि वापरून मळलेला द्रव मागच्या खड्ड्यात ओतून देत, वर्षानुवर्षं. हा द्रव पाण्यापेक्षा जड. तो वर तरंगत नाही, खाली उतरत जातो, तळाशी बसतो आणि तिथून थोडा थोडा विरघळत राहतो. कारखाना बुडाला, जमीन एका बिल्डरकडे आली, बिल्डरला टॉवर बांधायचेत, आणि त्याआधी खालचं पाणी साफ झालं असं दाखवायला हवं, म्हणून आमची कंपनी. आम्ही जमिनीत भोकं पाडतो आणि त्यात काकवी सोडतो. खरोखरची काकवी, उसाची. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. जमिनीतले जीवाणू काकवीवर पोसतात आणि त्या जोरावर विषाच्या रेणूतला क्लोरीन एकेक करून उपटून काढतात. तीन क्लोरीन असतात. तिन्ही निघाले की उरतं त्याचा त्रास नाही. पण दोन निघाल्यावर काम अडकलं तर जो मधला पदार्थ साचतो त्याचं नाव व्हिनाइल क्लोराइड, आणि तो मूळ विषाहून वाईट, सरळ कॅन्सर करणारा. आमच्या आलेखावर मूळ विषाची रेघ झकास खाली आली होती, ऑफिसात केक कापून झाला होता, आणि काल भिंतीलगतच्या, पाणी तपासायला खणलेल्या शेवटच्या विहिरीचा निकाल आला. काम अडकलं होतं. अर्धवट धुतलेलं पाणी भिंतीखालून गल्लीकडे निघालं होतं. म्हणजे कारखान्याने टाकलं ते एक विष, आणि आम्ही पगार घेऊन तयार केलं ते दुसरं. ऑफिसात हे असं कुणी म्हणू देत नाही.

म्हणून आज मी गल्लीत गेले. कुणी पाठवलं नव्हतं. गल्लीत बोअर आहे का, किती खोल आहे, एवढं बघायचं होतं, आणि पहिल्याच दारात पार्वती भेटली, माझ्याच वयाची असावी, कोपरापर्यंत साबणाचा फेस. मी पाण्याचं विचारते आहे म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "पानी तो हमारा देखो मैडम," ती म्हणाली, "पूरे इलाके में खारा है, हमारा मीठा है." तिने मला बोअर दाखवला, त्याच्यावर बांधलेली पत्र्याची टोपी दाखवली, मोटरीची वायर कुणाच्या घरातून येते ते दाखवलं. पूर्वी ही सगळी माणसं वरच्या गल्लीतल्या नळावर जात. वरच्या गल्लीचं आधी भरून होईपर्यंत यांनी उभं राहायचं. यांची भांडी नळाला लागली तर त्या बायका नळ घासून घेत. मग एका उन्हाळ्यात पार्वतीच्या सासूने हंडा तिथेच टाकला आणि आता मरेन पण इथे येणार नाही म्हणाली, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून स्वतःचा बोअर मारला. "अब किसी के दरवाज़े नहीं जाते," पार्वती म्हणाली. हे सांगताना तिने बोअरच्या टोपीवर थाप मारली, दुभत्या म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात कालच्या निकालातला आकडा फिरत होता. नंतर तिने मला घरात बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि त्या बोअरचं पाणी आणून पुढे धरलं. जे पाणी ती सगळ्या जगाला अभिमानाने पाजेल ते पाणी. आणि मी तसबिरीकडे बघितलं आणि आत्ताच पिऊन आले म्हणाले.

मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि एसीचा गार झोत मानेवर आला, तशी मला भयंकर तहान लागली. पर्समध्ये बाटली होती, घरून भरलेली. मी ती काढली नाही. स्वतःला शिक्षा करण्याचा हा पोरकट प्रकार मला लहानपणापासून येतो. फोन वाजला, धवलचा. धवल आमचा प्रोजेक्ट हेड. मूळचा नाशिकचा, यूपीएससी करायला दिल्लीत आला, परीक्षा हुकली आणि दिल्ली चिकटली. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे रागवायचं असलं की तो मराठीत रागावतो, बाकीच्यांना कळू नये म्हणून.

"बस्तीत गेली होतीस?"

"हो."

"यार लुंबिनी. आपला स्कोप कुठपर्यंत आहे? भिंतीपर्यंत. क्लायंटचा फोन आला मला, तुमच्या मॅडम बाहेर फिरतायत म्हणून."

"शेवटच्या विहिरीचा निकाल बघितलास?"

"बघितला ना. रिपीट सॅम्पल घेऊ, काकवीचा आणखी एक डोस देऊ, जीवाणू बाहेरून आणून सोडायचे तर तेही बघू. पावसाळ्यानंतर चित्र क्लिअर होईल. तोवर कुणाशी काही बोलायचं नाही, बिल्कुल नाही. कॉन्फिडेन्शियालिटीवर तुझी सही आहे. आणि भिंतीपलीकडचा एक तरी डेटा आहे का आपल्याकडे? नाही ना? मग?"

बाहेर बदरपूर गेलं. मग धवलचा आवाज बदलला, खाली आला, घरच्या माणसासारखा झाला.

"तिथलं पाणी वगैरे नाही ना प्यायलीस?"

"नाही."

"थँक गॉड. काळजी घे स्वतःची."

त्याने फोन ठेवला आणि मी काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत राहिले. धवल वाईट माणूस नाही. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. आत्ताही त्याने काळजीनेच विचारलं. पण मला राग आला तो त्याच्या काळजीचाच. मला जपायला त्याला कुठला डेटा लागला नव्हता. मी तो ग्लास प्यायले नाही हे ऐकून त्याला हायसं वाटलं, आणि त्याच गल्लीत त्याच पाण्याचे हंडे भरत होते त्यांच्यासाठी मात्र रिपीट सॅम्पल, डोस, पावसाळा. एकाच पाण्याला दोन मोजमापं. आणि मी काय वेगळी होते? मला तर तिथे बसल्या बसल्या माहीत होतं. मी माझा घसा वाचवला, पर्स उचलली आणि चालती झाले.

लाजपत नगरला लाइन बदलताना ते वाक्य पुन्हा आलं, या वेळी मराठीत. आत्ताच पिऊन आले हो. आमच्या घरी पाणी विचारत नाहीत. पाहुणा आला की पाणी आणून समोर ठेवायचं आणि समोरच बसायचं, तो पिईपर्यंत. शाळेत असताना मी एकदा कुणा काकूंना पाणी हवं का म्हणून विचारलं, तर त्या गेल्यावर आईने मला चांगलंच फैलावर घेतलं. विचारलं की माणसाला नाही म्हणायला वाट मिळते, ती म्हणाली. मग तिने ती गोष्ट सांगितली, एकदाच. लग्न होऊन ती वर्ध्याकडून दिल्लीत आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं. बाबा ऑफिसला गेले की सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत दिवसभर मुकाट बसायचं. एक दिवस जिन्यात कुणीतरी मराठीत पोराला ओरडलं, आणि आई अनवाणी धावत गेली आणि त्या बाईंना हाताला धरून घरात घेऊन आली. त्या पुण्याच्या. खूप बोलल्या, आईला इतकं मराठी ऐकून रडू यायचं बाकी होतं. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, पोहे कुणाकडचे घ्यावेत, भाजीवाला कसा फसवतो. आई पाणी घेऊन आली, आणि त्याच वेळी त्या बाईंची नजर भिंतीवरच्या तसबिरीवर गेली. मग त्या म्हणाल्या, आत्ताच पिऊन आले हो. वाक्य तेच, भाषा तेवढी दुसरी. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या बाईचा मला असा संताप आला होता की शाळेतल्या एका पुण्याच्या मुलीशी मी आठवडाभर बोलले नाही, जिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

माझं नाव ऐकून दिल्लीत कुणाला काही कळत नाही. नेपाळी आहेस का विचारतात. पहाडगंजातल्या हॉटेलाला शोभेल असं नाव, एकजण म्हणाला होता. त्याचं मला एरवी हसू येतं, आणि खरं सांगायचं तर सोयही वाटते, कारण नाव सांगून पुढचं काही सांगावं लागत नाही. पार्वतीलाही मी नाव सांगितलं होतं, तेव्हा तिने नुसती मान हलवली. तिच्या हिशोबी मी इस्त्रीचा कुर्ता घातलेली, ऑफिसची कुणीतरी मैडम. मैडमने तसबीर बघितली आणि पाणी नाकारलं. तिला यात कोडं कसलं पडणार? तिने हे आधीही पाहिलं असणार, तिच्या सासूने पाहिलं असणार, माझ्या आईने पाहिलं होतं. त्या साखळीत आता मीही होते, ग्लास नाकारणाऱ्यांच्या बाजूने. मयूर विहार आलं तेव्हा मी दारातल्या माणसाला जरा जोरातच ढकलून उतरले, आणि तो काही बोलला त्याला उलट काहीतरी बोलले.

घरात शिरले तर आईने न विचारता पाणी समोर ठेवलं आणि समोर बसून तांदूळ निवडायला घेतले. मी ग्लास एका दमात संपवला, आणखी एक मागितला, तोही संपवला. मग सांगितलं. आईला माझ्या कामातलं बरंचसं कळतं, काकवीपासून सगळं.

"विष आहे म्हणतेस तर नकोच पिऊस," आई म्हणाली. "विष कोण पिईल. पण तू काय म्हणालीस तिला?"

"म्हणाले, अभी पीकर आई हूँ."

आईचा हात ताटात थांबला.

"फोटो होता?"

"होता."

"तू बघितलास?"

"बघितला."

"आणि तिनं तुला बघताना बघितलं."

"हो. पण आई, माझ्याकडे कारण होतं."

"कारण त्या बाईकडेही होतं," आई म्हणाली. "घरी सासू होती, सोवळं होतं. मनानं वाईट नव्हती ती. पुढं जिन्यात भेटली की मान खाली घालायची. तिच्या मान खाली घालण्याचं मी काय करायचं होतं, सांग? लोणचं घालायचं?"

मी धवलचं सांगितलं, सहीचं सांगितलं, नोकरी जाऊ शकते हे सांगितलं. "जाऊ शकते," आई म्हणाली. नाही जाणार, असं खोटं तिने म्हटलं नाही, आणि जाऊ दे गं, असलं शूरपणाचंही काही म्हटलं नाही. "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आधी वकिलाला विचार," ती म्हणाली. "मी म्हणते, आधी त्या बाईला सांग. वकील कुठं पळून नाही जात." आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. बाबा खरंच तसं म्हणाले असते. बाबा सरकारी माणूस, प्रत्येक गोष्ट कायद्यात बसवून करायचे. पण याच बाबांनी दर वर्षी वीस मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी, आम्हा सगळ्यांना डायनिंग टेबलापाशी उभं करून ओंजळभर पाणी प्यायला लावलं. नळाचंच पाणी, स्टीलच्या जगमधून ते वाढायचे, भाषण नाही काही नाही, ओंजळ पुढे करायची आणि प्यायचं. एकदा त्या दिवशी माझी वर्गमैत्रीण घरी होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने विचारलं, ये क्या पूजा है? मी म्हणाले, कुछ नहीं, पापा का ऐसे ही है. ओंजळ चेपून धरली नाही तर पाणी कोपरावरून ओघळतं, आणि ओघळलेलं पाणी बाबा मोजत नसत, पुन्हा वाढायचे. आज इतक्या वर्षांनी मला त्या जगचा थंड काठ अंगठ्याला लागलेला आठवला. बाबा गेल्यापासून आम्ही ते करत नाही. राहून गेलं.

सकाळी उठले तेव्हा सगळं ठरलेलं होतं, झोपेतच कधीतरी ठरलं असावं. मला हलकं वगैरे वाटत नव्हतं. राग होता तसाच होता, फक्त आता त्याला बसायला जागा मिळाली होती. सॅम्पलच्या काचेच्या कुप्या घेतल्या, बर्फाचा डबा घेतला. धवलला मेसेज टाकला, गल्लीत चालले आहे, सांगायला. त्याचं उत्तर लगेच आलं, एकच शब्द, डोन्ट. मग फोन यायला लागले. शेवटी एक घेतला.

"लुंबिनी, ऐक, तुझ्याकडे डेटा नाहीये," तो म्हणाला. "पलीकडचं एक सॅम्पल नाहीये. कशाच्या जोरावर सांगणार आहेस?"

"मी प्यायले नाही," मी म्हणाले. "आणि तूही थँक गॉड म्हणालास. एवढा डेटा मला पुरे आहे."

तो म्हणाला, मी तुला वाचवू शकणार नाही हां. मी म्हटलं, माझं नाव वाचवायच्या यादीत सगळ्यात शेवटी टाक. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. दाराशी आईने प्रवासातला मोठा थर्मास भरून ठेवला होता, चांगला जड. मी स्वयंपाकघरात जाऊन ग्लास शोधू लागले तर आई मागून म्हणाली, "ग्लास नको नेऊस. तिच्याकडचा घे."

मेट्रोत एक गोष्ट मी पक्की केली. गेल्या गेल्या जय भीम म्हणायचं नाही. ते म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं, पार्वतीला ओळख पटली असती, कालचं सगळं गैरसमज म्हणून मिटलं असतं. पण तो गैरसमज नव्हता. ती समजली त्यात चूक एवढीच की तिने कारण वेगळं धरलं. तिच्या घरातली माणसं माझ्या जिवाइतकी मोलाची मी धरली नाहीत, हे तर तिने बरोबर ओळखलं होतं. माझ्या आईवडिलांच्या पुण्याईवर तिच्याकडून माफी उकळायची मला लाज वाटली. आधी विषाचं सांगायचं, आणि मग ती जे बोलेल ते ऐकायचं.

बोअरवर गर्दी होती. सकाळची मोटर चालू होती, पाइपातून जाडजूड धार हंड्यात पडत होती आणि उन्हात ती इतकी स्वच्छ दिसत होती की मला स्वतःच्याच निकालाचा संशय आला. पार्वतीने मला पाहिलं. पदराला हात पुसले.

"क्या रह गया मैडम?"

"एक बात रह गई थी," मी म्हणाले. "कल मैं पीकर नहीं आई थी. प्यास लगी थी. मैंने आपका पानी इसलिए नहीं पिया कि मुझे डर है उसमें ज़हर है." मग दम न घेता सगळं सांगितलं, भिंत, खड्डा, द्रव, काकवी, आमच्या कंपनीने केलेली अर्धवट सफाई, भिंतीलगतच्या विहिरीचा निकाल. माझं हिंदी दिल्लीचं आहे, अडखळत नाही, पण आवाज अडखळत होता. "इस बोर की जाँच अभी हुई नहीं है. हो सकता है कम हो, हो सकता है ज़्यादा. पर जो पानी मैं नहीं पियूँगी, वो आप भी मत पियो. उबालना भी मत, बंद रसोई में भाप से साँस में जाएगा."

कुणीतरी मोटर बंद केली. धार थांबली आणि एकदम फार शांत झालं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली, ही पार्वतीची सासू हे न सांगता कळलं, तेच नाक. "बोर बंद कराने आई है," ती म्हणाली. "वो ऊपर वालों ने भेजी है. फिर उन्हीं के नल पे जाएँ हम? बर्तन लेके खड़े रहें?"

याची मी तयारी केलेली नव्हती. सगळे रासायनिक प्रश्न मला येत होते आणि हा एक येत नव्हता. मी म्हाताऱ्या बाईकडे बघितलं आणि मला एकदम आईची जिन्यातली अनवाणी धाव आठवली, आणि राग पुन्हा वर आला, पण या वेळी सरळ, कामाचा.

"नहीं अम्मा," मी म्हणाले. "किसी के नल पे नहीं जाना है. ज़हर जिन्होंने डाला और जिन्होंने फैलाया, पानी वही देंगे, आपके दरवाज़े पे, और जब तक आपका बोर साफ़ नहीं होता तब तक देंगे. फैलाने वालों में मैं भी हूँ. जहाँ लिखके देना है, मैं लिखके दूँगी, अपने नाम से."

पार्वती पुढे आली. ती म्हणाली, "जाँच करो. हमारे सामने."

मोटर पुन्हा लावली. साचलेलं पाणी वाहून जाऊ दिलं, मग धार बारीक करून कुपी भरली, पाणी काठावर फुगून येईपर्यंत, झाकण लावलं, उलटी केली, टिचकी मारली. हे का, पार्वतीने विचारलं. आत बुडबुडा राहिला तर विष पाण्यातून निघून त्या हवेत जातं आणि मशीन कमी आकडा सांगतं, मी म्हणाले. आहे त्यापेक्षा साफ दिसतं पाणी. तिने दुसरी कुपी माझ्या हातून घेतली आणि स्वतः भरली. उलटी केली. एक बारीकसा बुडबुडा वर सरकला. तिने ती रिकामी केली आणि पुन्हा भरली, पुन्हा उलटी करून डोळ्यांजवळ धरली. या वेळी काही हललं नाही. तिने ती मला दिली नाही, आधी सासूला दाखवली, मग बाकीच्यांना, आणि मग बर्फाच्या डब्यात स्वतः ठेवली.

"तस्वीर की तरफ़ क्यों देख रही थीं कल?" डब्याचं झाकण लावता लावता तिने विचारलं.

"हमारे घर में भी यही है."

तिने मान वर केली. मला वाटलं होतं हे ऐकून तिचा चेहरा निवळेल. तो आणखी कठीण झाला.

"तो फिर कल क्यों नहीं बोलीं?" ती म्हणाली. "और कोई होती तो समझ जाते."

"डर गई थी. नौकरी के लिए."

मी थर्मास उचलला आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवला, आणि समोर जमिनीवरच बसले. घ्या म्हणाले नाही, काही विचारलं नाही. पार्वती थर्मासकडे बघत राहिली. बायका कुजबुजत होत्या. ऊन भिंतीवरून उतरून आमच्यापर्यंत आलं होतं आणि माझ्या पर्समध्ये बंद फोन होता आणि त्यात माझी नोकरी होती. मग ती आत गेली आणि ग्लास घेऊन आली. कालचाच स्टीलचा ग्लास, काठापाशी जरा चेपलेला. तिने थर्मास उघडला, ग्लास काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पहले आप," ती म्हणाली.

मी ग्लास घेतला. तोंड लावून प्यायले. घाई केली नाही, तिने डोळे हलवले नाहीत, मीही नाही. पाणी आईच्या घरचं होतं आणि ग्लास पार्वतीच्या घरचा, आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवून तिच्या हातात दिला. तिने तो धुतला नाही, पुसलाही नाही. तोच पुन्हा भरला, उभ्या उभ्या प्यायली, मग भरून सासूला दिला. म्हातारीने आधी वास घेतला, मग प्यायली.

पार्वतीने ग्लास थर्मासवर पालथा घातला आणि दाराला कडी लावली.

"चलो," ती म्हणाली. "कहाँ लिखके देना है, बताओ."